उंची ६ फूट १ इंच, सायकलची सवय नाही, बजेट १२ हजार. बडोद्यात कोणती सायकल घ्यावी?

प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात की दुकानदार म्हणाला, "२६ इंची घेऊन जा, सीट वर करून देतो." ते वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य माझ्या दिरांच्या तोंडी असतं, आणि त्यावरून आमच्या घरी जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

माझी उंची ५ फूट ११ इंच. मराठी घरातल्या बाईला ही उंची म्हणजे लग्न जमेपर्यंत एक कटकट आणि सायकल घेताना दुसरी. सकाळी दांडिया बाजारातून अकोट्याकडे पूल ओलांडून एक चक्कर मारावी, एवढाच माझा बेत होता. भावोजी म्हणाले, "वहिनी, दुकानदार ओळखीचा आहे, मी येतो." झालं. मी मोठ्या फ्रेमला हात लावला की दुकानदार म्हणे, "बेन, ए तो जेन्ट्स छे," आणि भावोजी त्याची री ओढत. शेवटी पुढे आली ती मधला दांडा खाली उतरलेली, शॉकअपवाली, २१ गिअरची लेडीज सायकल. गुडघे हँडलला लागताहेत हे मी तिथेच सांगितलं. "अहो, २६ इंचीपेक्षा मोठी काय हवी तुम्हाला? सीट वर घेतली की झालं!" निम्मे पैसे त्यांचे, त्यामुळे जास्त ताणता येईना.

२६ हे चाकाचं माप हो. तुमच्या उंचीशी त्याचा फारसा संबंध नाही. बघायची ती फ्रेम: दोन्ही पायडल ज्या मधल्या अक्षाभोवती फिरतात तिथपासून, सीटची नळी फ्रेमच्या ज्या उभ्या नळीत शिरते तिच्या वरच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीट ते हँडल हे अंतर. सीट वर केल्याने हे दुसरं अंतर जवळपास तेवढंच राहतं. पाय सुटतात, पण पाठ आणि मनगटं अडकतात.

शिवाय सीटच्या नळीवर आडव्या रेघा कोरलेल्या असतात. त्या बाहेर दिसता कामा नयेत. माझ्या सायकलीवर त्या चांगल्या दोन बोटं बाहेर होत्या. दुकानदाराने पान्याने आवळून वर दोनदा थोपटलं आणि "चालशे" म्हणाला. पुढे पुलाच्या चढावर खालून करकर सुरू झाली. भावोजींनी ऑइल सोडलं. एक दिवस मी उतरून नीट पाहिलं तर क्लँपच्या खाली, फ्रेमच्या नळीला जिथे उभी चीर असते तिथून, रंगाचा पापुद्रा उडालेला आणि केसाएवढी भेग खाली उतरत चाललेली. नख फिरवलं की लागायची. सीटची नळी इतकी थोडी आत असली की ती पहारीसारखी काम करते, सगळा जोर तोंडाच्या काठावर. यावर भावोजींचं निदान: "वहिनी, वजनाचंही बघायला हवं." माझं वजन तेव्हा त्यांच्यापेक्षा कमी होतं, आजही आहे.

आता तुमचं. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. आलेल्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. पायडलच्या त्याच मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. समजा ८७ आले, तर जवळजवळ ७७. फ्रेम १७ इंची, म्हणजे ४३ सेंटिमीटर असेल आणि सीटच्या गादीची जाडी पाच धरली, तर २९ सेंटिमीटर नळी बाहेर काढावी लागेल. स्वस्त सायकलींना नळी बहुधा ३० सेंटिमीटरचीच येते. मग आत काय राहणार? हा हिशोब कागदावर मांडून मी भावोजींसमोर ठेवला होता. त्यांनी कागद वाचला आणि चहा मागितला.

तेव्हा दुकानात गेल्यावर चाकाचं नाव काढू नका. "फ्रेम १९ ते २१ इंच, किंवा एल नाहीतर एक्सएल" एवढंच बोला. नसेल तर बाहेर पडा, सवलतीला भुलू नका. या बजेटमधला शॉकअप म्हणजे नुसतं ओझं. गिअरही बडोद्यात लागत नाहीत, इथे चढ आहे तो पुलांचाच. पुढचं चाक धरणारा फोर्क साधा, बिनशॉकअपचा असलेली हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलींच्या मधली, मिळाली तर सोनं. नाहीतर काळी, उभ्या बसणीची २४ इंची सायकल बघा. तिथे २४ हे फ्रेमचंच माप आहे, चाकं २८ ची. मी ती भेग गेलेली टाकून हीच आणली. सासूबाई तिला "दूधवाल्याची" म्हणतात, पण गुडघे आता दुखत नाहीत आणि भाजीची पिशवी कॅरिअरवर निमूट बसते.

सेकंड हँड घेणार असाल तर सीटची नळी पूर्ण उपसून आत टॉर्च मारा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी सायकली बुडाल्या. वरून पुसून चकचकीत करतात, आत वाळलेला गाळ तसाच राहतो. तो दिसला की पायडलच्या मधल्या अक्षाचं बेअरिंग गेलं समजा.

दोन गोष्टी राहिल्या. काळ्या सायकलीचे रॉडवाले ब्रेक पावसात जवळपास नसल्यासारखेच. पावसाळ्यात चालवणार असाल तर हायब्रिडच बघा. आणि पावागडच्या डोंगराच्या बाजूला जायची हौस असेल तर गिअरबद्दल वर लिहिलेलं रद्द समजा. गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मला नाही.

हो, आणि घेताना चक्कर मारूनच घ्या, निदान न्यायमंदिराला वळसा घालून येण्याइतकी. टाच पायडलवर ठेवून पाय खाली गेला की गुडघा सरळ व्हायला हवा; चवडा ठेवला की किंचित वाकलेला राहतो, तो बरोबर. दुकानदार चक्कर मारू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा. सोबत ओळखीचा माणूस न्यायचाच असेल तर तो दुकानदाराच्या ओळखीचा नसावा.