उसाच्या पाचटाचा बायोचार घातल्यास कोल्हापूर भागातील जमीन भुसभुशीत होते का?

होय, होते, मात्र राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनींत त्याचा लाभ जास्त आणि शिरोळच्या खारवट-चोपण (क्षार आणि सोडियम जास्त असलेल्या) काळ्या जमिनींत कमी मिळतो. पाचट शेतातच पेटवले की हाती राख उरते, ही मोठीच हानी आहे. तेच पाचट अपुऱ्या हवेत साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसला भाजले तर सच्छिद्र कोळसा म्हणजेच बायोचार तयार होतो, जो मातीची घनता कमी करतो, पाणी धरतो आणि शेणखतासारखा उष्ण हवेत लवकर कुजून न जाता अनेक दशके टिकतो. जगभरातील प्रयोगांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात उष्ण कटिबंधात सरासरी 25 टक्के उत्पादनवाढ दिसली, समशीतोष्ण प्रदेशांत मात्र ती दिसली नाही. उष्ण कटिबंधातील आम्लता घटणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो, म्हणून सामू (pH) 8 च्या वर असलेल्या जमिनीत माती परीक्षणाशिवाय तो घालू नये. तेथे निचरा आणि चोपणासाठी जिप्सम हेच मुख्य उपाय आहेत. ताजा, कोरडा बायोचार सुरुवातीला पिकाचे नत्र अडवू शकतो, त्यामुळे तो शेणाच्या स्लरीत दोन-तीन आठवडे मुरवूनच वापरावा, तोही आधी दोन-चार गुंठ्यांवर.