भाषा शिकून पोट भरन का?

पुढे काय शिकायचं याचा सल्ला मी मुलांना आणि पालकांना देते. जून लागला, निकाल हाती आले की हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. "मॅडम, पोरगी म्हणते जपानी शिकतो. भाषा शिकून पोट भरन का?" कधी जपानीच्या जागी जर्मन असतं, कधी पोरगीच्या जागी पोरगा. विचारणारा बाप बहुतेक आठवडी बाजाराच्या दिवशी येतो, हातात पिशवी असते आणि परतीच्या एसटीची घाई असते. म्हणून एकच गोष्ट नीट मांडते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, पाच-सहा महिन्यांच्या भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

यवतमाळच्या दक्षिणेकडचं गाव, साडेपाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगी बारावी कला शाखेत नुकतीच गेलेली. पहिल्या भेटीत फक्त बाप बोलला. मुलगी ओढणीच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती.

"इचं इंग्रजीच कच्चं हाय. दहावीत पंचेचाळीस. अन् हे जपानी शिकणार! रात्री बारा वाजेलोक मोबाइलवर तेच पाहून रायते."

अशा वेळी मी बापाला पटवायला जात नाही. पटवायला गेलं की माणूस आपल्याच वाक्याचा किल्ला करून बसतो. मी कागद काढते आणि काळजीचे तुकडे पाडते. "पोट भरन का" हा प्रश्न एवढा मोठा असतो की त्याला कुठूनच हात घालता येत नाही. त्याच्या पोटात लहान प्रश्न असतात आणि त्यांना आकडे लावता येतात. या बापाचे तीन निघाले. किती वर्षं आणि किती पैसा? पोरगी राहणार कुठे? तिसरा प्रश्न त्यांनी बराच वेळ थांबून विचारला, "अन् नाही जमलं तं? मंग तिचं काय?"

तिसऱ्यालाच आधी हात घातला, कारण पहिले दोन त्याच्या आडोशाला उभे होते. जमेल की नाही हे तीन वर्षं आणि घरचे पैसे घालून बघायची गरज नसते. जपानीच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एन5ला, साधारण दीडशे तास पुरतात. रोज एक तास दिला तर जून ते नोव्हेंबरात ते सहज बसतात, बारावीचा अभ्यास सांभाळून. जपान फाउंडेशन या तिथल्या सांस्कृतिक संस्थेची पाठ्यपुस्तकं आणि ध्वनिपाठ इंटरनेटवर फुकट मिळतात, एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे सुरुवातीचे धडे हिंदीतूनही आहेत. खर्च काय तो चौकटीच्या वह्यांचा, पहिलीतली मुलं गणिताला वापरतात त्या. बाप म्हणाले, "एवढं तं करू देतो." आमचा पहिला करार एवढाच होता.

मुलीला मी पहिल्या महिन्याचा क्रम असा दिला. हिरागाना लिपीची 46 अक्षरं, रोज पाच. पुढच्या दहा दिवसांत काताकाना ही दुसरी लिपी, तिचीही 46. त्यानंतर रोमन लिपीत लिहिलेलं जपानी बघायचं नाही. इथेच पुष्कळ मुलं अडकतात. इंग्रजी अक्षरांचा आधार सुटत नाही, मग वाचनाचा वेग कधी येतच नाही. आमच्या मुलांना तर त्या आधाराची गरजही नाही. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जाते. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून हा क्रम तिकडे घडला. पहिलीत "क ख ग घ" म्हटलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. "त्सुनामी"तला त्सु तर आपण "चाक", "चमचा" म्हणताना रोज उच्चारतो.

चुका कुठे होतात तेही सांगून ठेवलं. दीर्घ स्वर गाळला की अर्थ बदलतो: "ओबासान" म्हणजे मावशी-आत्या आणि "ओबाआसान" म्हणजे आजी. चिनी चित्राक्षरं, म्हणजे कांजी, नुसती बघून लक्षात राहत नाहीत. ती हाताने, रेघांच्या ठरलेल्या क्रमानेच लिहावी लागतात. पहिल्या पायरीला शंभरच्या आसपास लागतात. दिवसाला एक, आणि रविवारी आठवड्याची उजळणी.

दीड महिन्याने दोघं परत आले. वह्या भरल्या होत्या, पण मुलीचा चेहरा उतरलेला. "व्याकरण इंग्रजीतून समजावतात, मले समजत नाही. मले भाषाच येत नाही, मॅडम. शाळेत सर म्हणत, तुमचं मराठीबी अशुद्ध हाय."

हे शेवटचं वाक्य मी या भागात इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे की ते आलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवते. तिला विचारलं, "बाबा पहिल्या दिवशी काय म्हणाले होते? तू रात्री मोबाइलवर काय करतेस?"

"पाहून रायते."

"शाळेत सर काय दुरुस्त करायचे?"

"'पाहत आहे' म्हणा म्हणत."

"आता 'पाहून रायली' जपानीत सांग."

तिने वही उघडली, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं. "मिते... इमासु."

"मिते म्हणजे?"

"पाहून."

"आणि इमासु? मूळ क्रियापद इरु. त्याचा अर्थ?"

"असणं. राहणं." ती थांबली. मग बापाकडे वळली. "बाबा, पाहून रायली! सेमच हाय!"

पुढची वीस मिनिटं मी जवळजवळ काही बोलले नाही. ती एकेक वाक्य काढत गेली आणि बाप वऱ्हाडीत सांगत गेले. "इत्ते मिमासु" म्हणजे जाऊन पाहतो, आणि त्यातलं "मिरु" म्हणजे खरोखरच पाहणं. "शिते ओकिमासु" म्हणजे करून ठेवतो, तिथेही "ओकु" म्हणजे ठेवणंच. "ताबेते शिमाइमाशिता" म्हणजे खाऊन टाकलं. इंग्रजीच्या वाटेने गेलं तर या प्रत्येक रूपासाठी पानभर स्पष्टीकरण लागतं. आपल्याकडे ते आईच्या बोलण्यातून आलेलं असतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी, "चा-ची-चे"च्या जागी "नो", आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क "का". "पाहून रायली"च्या बाबतीत तर प्रमाण मराठीपेक्षा वऱ्हाडीच जपानीला जवळची निघाली. ज्या बोलीसाठी तिला वर्गात उभं केलं, तीच तिचं व्याकरणाचं पुस्तक झाली.

मी या कामात एक गोष्ट धरून चालते. माणसाकडे काय नाही याची यादी त्याला आधीच पाठ असते, ती मी पुन्हा वाचून दाखवत नाही. काय आहे ते त्याच्याच तोंडच्या शब्दांतून शोधते. ते सापडतंच, फक्त ऐकायला सवड लागते. त्या दिवशी ते सापडलं आणि "इंग्रजी कच्चं" ही तक्रार त्या घरातून गेली. (जर्मन घेणाऱ्यांसाठीही असंच एक दार आहे. इंग्रजीत नसलेली तीन लिंगं जर्मनमध्ये आहेत आणि मराठी माणसाला ती नवी नाहीत. तो दगड, ती भिंत, ते घर: जर्मनमध्येही अनुक्रमे देर श्टाइन, दी वांट, दास हाउस. सगळे शब्द असे जुळत नाहीत, झाड तिकडे पुल्लिंगी आहे. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्या मुलांना नवल वाटत नाही.)

आता बापाच्या मूळ प्रश्नाकडे. भाषेची पदवी घेऊन नोकरी लागते का? मी खरं ते सांगते: नुसत्या भाषेवर कमी, भाषा अधिक दुसरं कौशल्य यावर पुष्कळ. पुणे-चाकणच्या पट्ट्यात, राजस्थानात नीमराण्याला, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कामात जपानी येणारी माणसं लागतात. पण तिथे यंत्राचे भाग, हिशेब, संगणक किंवा गुणवत्ता तपासणी यातलं एक काहीतरी कळावं लागतं. जपानीच्या परीक्षेला एन5 ते एन1 अशा पाच पायऱ्या आहेत, एन1 सर्वांत वरची. भाषेच्या जोरावर काम मागायचं तर निदान एन2 हवी, तिला हजाराच्या आसपास कांजी लागतात. एन4वर जपानच्या कुशल कामगार योजनेतल्या कामांसाठी अर्ज करता येतो, पण ते काम हाताचं असतं, भाषेचं नव्हे. "मोबाइल भाषांतर करते, मंग माणूस कायले?" असंही बापाने विचारलं आणि प्रश्न रास्त होता. साधी पत्रं, माहितीपत्रकं यांचं काम यंत्राकडे चाललंच आहे. उरतं ते समोरासमोरचं बोलणं, चुकलं तर जबाबदारी येते ते कागद, आणि माणूस ओळखणं. जपानी अधिकारी बैठकीत "केंतो शिमासु", म्हणजे "विचार करतो" म्हणाला की पुष्कळदा त्याचा अर्थ नकार असतो. आपल्याकडे स्थळ बघून उठताना "पाहू, कळवतो" म्हणतात तसंच. विद्यापीठात भाषेबरोबर त्या देशाचा इतिहास, समाज, साहित्य शिकवतात ते यासाठी. शहरातल्या शिकवणी वर्गाच्या प्रमाणपत्रात एवढं मिळत नाही.

बाप बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कपाशीत तुरीचं तास (ओळ) टाकतो, तसं. एकटी कपाशी ठेवली तं बोंडअळीत सारंच जाते."

मी हे कधीच इतकं नेमकं सांगू शकले नसते. तेव्हापासून हीच उपमा मी दुसऱ्या घरांत सांगते, एका शेतकऱ्याची म्हणून.

मग पहिले दोन प्रश्न सोपे झाले. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, दोन्ही केंद्रीय. दोन्हीकडे जपानी, जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिशसारख्या भाषांत बी.ए. ऑनर्स आहे आणि प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. ही परीक्षा 13 भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. शिकवणीची फी खाजगी महाविद्यालयाच्या मानाने कमी, खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरायचा. मुलं चुकतात ती सीयूईटीचे विषय निवडताना: विद्यापीठाने मागितलेला पेपर घेतलेला नसतो, गुण चांगले पडूनही अर्ज बाद होतो. माहितीपत्रक आधी, अर्ज नंतर. पांढरकवड्याच्या बाजूने हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं, रस्ता सरळ आहे, हे बापाला नकाशावर दाखवलं तेव्हा त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतकं लांब जाणं जमतच नसेल तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठातही परकीय भाषांचे अभ्यासक्रम आहेत. पुढे चांगले गुण असतील तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे, जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना साधारण वर्षभर तिकडे नेणारी. जर्मनसाठी डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत.

एक इशारा मात्र प्रत्येक घरात देते. "जपानला लावून देतो, जर्मनीला लावून देतो" म्हणत गावोगाव फिरणाऱ्या दलालाला एक रुपयाही द्यायचा नाही. भरती करणारा परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे आधी तपासायचं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन5ची परीक्षा होती. पुण्याला केंद्र, कापूस वेचणी ऐन भरात. बाप वेचणी भावावर सोपवून धामणगावहून रेल्वेने मुलीला घेऊन गेले. ती नापास झाली. एन5ला 180पैकी 80 लागतात, तिला 92 होते. पण ऐकण्याच्या भागात 60पैकी किमान 19 लागतात आणि तिला 16 मिळाले. एकूण बेरीज भरली तरी एक भाग पडला की निकाल नापास. मोबाइलवर चित्रं बघत ऐकायची सवय होती, परीक्षेत सगळी भिस्त आवाजावर होती. घरात सगळे खचले, पण मला हा निकाल चांगला वाटला: काय कमी आहे ते नेमकं, एका आकड्यात, समोर आलं होतं. उपाय साधा होता. रोज वीस मिनिटं मोबाइल पालथा ठेवून ऐकायचं, ऐकलं ते हिरागानात लिहायचं, मग मूळ पाठाशी ताडून बघायचं. जुलैत परीक्षा पुन्हा दिली, ऐकण्यात 34 मिळाले. मे महिन्यात सीयूईटी झालेलीच होती.

आता ती हैदराबादला दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात बापाचा फोन आला. एन3ची तयारी सुरू आहे, पण जोडीला काय घ्यायचं यावर घरात एकमत होत नाही. मुलीला पर्यटन हवं, नागपूरच्या दीक्षाभूमीला आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराला येणारे जपानी यात्रेकरू तिच्या डोक्यात आहेत. बापाला हिशेब-संगणक बरा वाटतो. "तुरीचं कोणतं वाण टाकाव, मॅडम?" दिवाळीच्या सुट्टीत दोघांनाही कागद घेऊन यायला सांगितलं आहे.