‘व्हर्च्युअ‍ॅलिटी’चा शेवट आणि पुढचा भाग

‘व्हर्च्युअ‍ॅलिटी’ या अंतराळयानावरच्या विज्ञानपटाबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत: शेवटी नेमकं काय होतं, आणि पुढचा भाग कुठे मिळेल. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. पुढचा भाग निघालाच नाही. रोनाल्ड डी. मूर आणि मायकल टेलर यांनी हे मालिकेचा पहिला भाग म्हणून लिहिलं, पीटर बर्गने दिग्दर्शन केलं. फॉक्स वाहिनीने मालिका घेतली नाही आणि २६ जून २००९ ला तेवढाच भाग दूरचित्रपट म्हणून दाखवून टाकला. म्हणून इतके धागे लोंबकळत राहिलेत.

(पुढे कथानक उघड केलंय. पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा.)

शेवटाकडे ‘फेटन’ या यानाचा कमांडर पाइक एअरलॉकमध्ये (यानाबाहेर पडायच्या हवाबंद कक्षात) मरतो, आणि नंतर आभासी जगात रिका या सहकारिणीला भेटून यातलं काहीच खरं नाही असं सांगतो. त्यावरून बरेच जण म्हणतात की ‘फेटन’ हे यानच आभासी आहे. लेखकांच्या मनात तसं असेलही, पण मला हा अर्थ पटत नाही. तो धरला तर यानावरच्या बिली या तरुणीवर जे गुदरलं त्याला वजनच राहत नाही, आणि चित्रपटाचा जीव तर तिथेच आहे.

मांडणी बघा. बारा जण, दहा वर्षांची मोहीम, लक्ष्य एप्सिलॉन एरिडानी हा १०.५ प्रकाशवर्षांवरचा तारा. नेपच्यून ओलांडला की माघार नाही. यानभर कॅमेरे, कारण पृथ्वीवर यांचाच रिअ‍ॅलिटी शो चालू आहे. यानावरचा मानसोपचारतज्ज्ञ रॉजर हाच त्या शोचा निर्माता! ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं, त्यालाच तुमची भांडणं प्रेक्षकांसाठी हवी आहेत. मग स्वतःची अशी एकच जागा उरते, व्हीआरचा, म्हणजे आभासी जगात नेणारा चष्मा. पाइक तिथे अमेरिकन यादवी युद्धात लढतो. रॉजरची बायको रिका आणि पाइक चोरून भेटतात तेही तिथेच.

आणि नेमका तिथेच तो हिरव्या डोळ्यांचा माणूस शिरतो. आधी पाइकला गोळी घालतो, पुढे बिलीवर बलात्कार करतो. चष्मा काढल्यावर तिच्या अंगावर ओरखडाही नसतो, तरी तिच्यापुरतं ते घडलेलंच असतं. घरोघरी व्हीआर हेडसेट नव्हते तेव्हा हे लिहिलं गेलं, आणि आज आभासी जगात छळ सोसलेल्या बायका हेच सांगतायत. मूर पूर्वी ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा लेखक होता. त्या अंतराळमालिकेत होलोडेक (यानावरची आभासी जग उभं करणारी खोली) बिघडला की बहुतेक वेळा भाग संपेपर्यंत सगळं सुरळीत व्हायचं. इथे त्याने ती सोय ठेवलेली नाही, आणि याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

‘फेटन’ चालतं ती, मागे अणुस्फोट घडवून यान ढकलायची कल्पनाही हवेतली नाही. १९५८ मध्ये जनरल अ‍ॅटॉमिक्समध्ये ‘प्रोजेक्ट ओरायन’ सुरू झाला होता, भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्यावर काम करत होते. १९६३ च्या कराराने अंतराळातल्या अणुस्फोटांवर बंदी आली आणि १९६५ पर्यंत तो गुंडाळला गेला.

पुन्हा बघणार असाल तर पाइकचा खुनी कोण हे बाजूला ठेवा आणि रॉजरकडे लक्ष द्या. कुणीही त्याच्याशी बोलत असलं की तो डॉक्टर म्हणून ऐकतोय की निर्माता म्हणून, एवढंच बघत जा.