मानधन म्हणजे पगार का?

प्रश्न असा आहे: पगार, वेतन, मजुरी, रोज आणि मानधन हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि जाहिरातीत ‘मानधन तत्त्वावर नेमणूक’ असं लिहिलेलं असेल तर नेमकं काय समजायचं?

कोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात, पण त्यावर विसंबू नका. बोलताना त्यांच्यापुढे कोणतं क्रियापद येतं ते बघा, फरक लगेच कळतो.

पगार ‘होतो’. महिना उलटला की तो व्हायचाच, हे त्यात गृहीत असतं. रजा जास्त झाल्या तर तो कापला जातो, मालक अडचणीत आला तर थकतो. म्हणजे तो तुमचा असतोच, कोणीतरी अडवलेला किंवा कमी केलेला असतो. रोज मात्र ‘बुडतो’. तापाने पडून राहिलेल्या माणसाचा रोज कोणी कापत नाही, तो मुळात मिळालेलाच नसतो. म्हणून पगारदाराची रजा असते आणि रोजंदाराचा खाडा.

मजुरी ‘पडते’, आणि हे क्रियापद मला सगळ्यात बोलकं वाटतं. समजा कोणी खड्डा खणायचं काम उक्तं घेतलं. अंदाज दोन दिवसांचा होता, पण खाली मुरूम लागला आणि चार दिवस गेले. पैसे ठरले तेवढेच मिळाले, मजुरी निम्मी पडली. उक्त्या कामात जमिनीचा कठीणपणा मजुराच्या खात्यात जातो. नगावरच्या कामाचंही तसंच: विड्यांचा भाव हजारावर, ऊसतोडीचा टनावर. हात मंदावला की मजुरी उतरली.

ऊसतोडीतल्या हिशेबाचा एक शब्द इथे सांगायलाच हवा. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचलही कोयत्यावर. त्यामुळे फडात दिवसभर राबलेल्या बाईची मजुरी किती, याला हिशेबात वेगळी ओळच नसते. आणि उचल म्हणजे खरं तर आगाऊ मजुरी, पण तिचं क्रियापद कर्जाचं आहे. ती ‘फिटते’, किंवा वर्षानुवर्षं फिटत नाही.

वेतन हा कागदावरचा शब्द. ‘माझं वेतन झालं’ असं घरी कोणी म्हणत नाही. तिथे पोर्तुगीजांकडून आलेला पगारच चालतो. पण कायद्यात वेतनाचा पसारा मोठा आहे. १९४८चा किमान वेतन अधिनियम मासिक पगारदारापुरता नव्हता. रोजावर आणि नगावर काम करणारेही त्यात येत होते. बोलीत मजुरी, कायद्यात वेतन.

आता मानधन. व्याख्याता, परीक्षक, कवी यांना द्यायची ही रक्कम (गवयाची ती बिदागी). पोट त्यावर नाही, कामाचं मोल केलेलं नाही, मान म्हणून दिलं, हा मूळ भाव. तोच शब्द अंगणवाडी सेविकांना लावला गेला. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचं काम त्या रोज करतात, पण पैशाला नाव मानधन. मग मानधन घेणारीला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, कशी द्यायची, असा वाद उभा राहिला. गुजरातमधल्या अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये निकाल दिला की उपदानाच्या कायद्यातली वेतनाची व्याख्या व्यापक आहे, हे मानधनही तिच्यात बसतं आणि सेविका व मदतनीस उपदानाला पात्र आहेत. नुसत्या शब्दाच्या आडोशाने काय काय नाकारता येतं, ते यातून दिसतं.

तेव्हा जाहिरातीत ‘मानधन तत्त्वावर’ दिसलं तर बहुधा एक ठोक रक्कम मिळेल. वेतनश्रेणी, महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ धरून चालू नका. अर्ज करण्याआधी एवढं विचारा: हजेरी लावायची आहे का, आणि गैरहजर राहिलं तर पैसे कापणार का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर मी त्याला मानधन म्हणणार नाही. खाडा धरतात तो रोज.