हेडफोन घ्या, पण पॉलिसीच्या ‘वरकड’ ३० हजारांतून नको

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, आयटीत नोकरी, हातात येणारा पगार महिना १ लाख १५ हजार. मुलगी झाल्यावर पत्नीनं नोकरी सोडली. मुलगी आता पाच वर्षांची आहे. घराचं कर्ज ४७ लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ४२ हजार. आठवड्यातले तीन दिवस लोकलनं घाटकोपर, दोन दिवस घरून काम. रोज चार तास मीटिंगा, संध्याकाळी शास्त्रीय गाणं. चष्मा आहे, फोन अँड्रॉइड आहे आणि सध्याचा दोन हजारांचा हेडफोन तासाभरात कान दुखवतो. प्रश्न असा: सोनीचा ३० हजारांच्या आसपासचा घ्यावा, बोसचा ३६ हजारांचा की ॲपलचा ६० हजारांचा? आणि नो कॉस्ट ईएमआय घ्यावा का?

पत्राच्या शेवटी असं आहे: “पुढच्या महिन्यात पॉलिसीचे ३० हजार येतात. ते वरकडच आहेत, त्यामुळे घरखर्चाला धक्का नाही. गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, गाडीतला गोंगाट नकोसा होतो. बाकी विम्याचं कव्हर आहेच, १२ लाखांचं.” सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आणि गृहकर्ज घेताना बँकेनं ती कशी गळ्यात मारली याची हकिगत जोडली आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

चांगला हेडफोन घेणं ही तुमच्या बाबतीत चैन नाही. दिवसाला चार तास धरले तर वर्षाला ९०० तास होतात. २८ हजारांची वस्तू चार वर्षं वापरलीत तर तासाला आठ रुपये पडतात. कान दुखत असताना दोन हजारांच्या वस्तूला चिकटून राहण्यात काटकसर नाही. पण ६० हजारांचा तुमच्यासाठी नाही. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमचा आहे. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ आणि बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा २५० ग्रॅमच्या आसपास. मानेवर आणि टाळूवर हा फरक दुसऱ्या तासाला कळतो. शिवाय ॲपलची निम्मी सोय आयफोनसोबतच मिळते. तुमच्याकडे तो नाही, मग दुप्पट पैसे कशाचे मोजायचे?

उरले दोन. यात निवड कागदावर होत नाही, डोक्यावर होते. दुकानात जा, चष्मा घालून जा. चष्म्याच्या काडीमुळे कुशन आणि कानामागची त्वचा यांच्यात फट राहते. त्या फटीतून खालचे स्वर निसटतात आणि काडी कानाच्या मुळाशी रुतते. बिनचष्म्याच्या माणसाला जो हेडफोन भरदार वाटतो, तोच तुम्हाला पोकळ वाटू शकतो. निदान वीस मिनिटं घालून बसा. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते का, जबडा हलवला की दाब वाढतो का, कान तापतात का, एवढं पाहा. विक्रेता घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

आवाज पारखताना दुकानातली गाणी लावू नका. ती ढोल-बासवाली असतात, कोणत्याही हेडफोनवर छान वाटतात. तुमच्या फोनवरचं, शंभरदा ऐकलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा. तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या कळतात की नुसती गूंज येते? डग्ग्याचा घुमारा पसरून गायकाच्या आवाजावर चढतो का? तार सप्तकात आवाज टोचतो का? आणि दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. थोडा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमी चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

नॉइज कॅन्सलेशनकडून अपेक्षा माफक ठेवा. गाडीची घरघर, पंखा, एसी असा एकसुरी खालचा आवाज ते उत्तम कापतं. डब्यातल्या गप्पा, भजनाचे टाळ, घरातल्या कुकरची शिटी हे कमी होतं, पण जात नाही. तरी तुम्हाला त्याचा खरा फायदा आहे: घरघर गेली की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे. लोकलमध्ये साध्या हेडफोनवर गाणं ऐकणारा माणूस ती सहज ओलांडतो. काही जणांना मात्र कॅन्सलेशन सुरू केलं की कानात दडा बसल्यासारखं होतं. तुम्हाला होतं का, तेही त्या वीस मिनिटांत कळेल. आणि स्टेशनवर उतरताना ते बंद करा.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बहुतेक वेळा कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. म्हणजे तुमच्या रोजच्या चार तासांत ३० हजारांचा नाद ऐकूच येणार नाही. माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा. बराच फरक पडतो. म्हणूनच तुमच्यासाठी आरामाला पहिलं स्थान, आवाजाला दुसरं. आरामात बरोबरी झाली तर स्वस्त असेल तो घ्या. नवं मॉडेल आलं की आधीचं उतरतं. सोनीनं २०२५ मध्ये एक्सएम६ आणल्यावर एक्सएम५ कडे बघायला हेच कारण पुरेसं आहे. एवढंच, की एक्सएम५ ची घडी होत नाही, लोकलच्या बॅगेत ते जाणवेल. बदली कुशन मिळतात का, तेही विचारून ठेवा. आपल्याकडच्या घामात आणि दमट हवेत कृत्रिम चामडं दोन-तीन वर्षांत सोलपटतं.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात. ३० हजार सहा महिन्यांत फेडताना बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आसपास. पण रोख घेतल्यावर दोन हजारांची सूट मिळत असेल तर खरा खर्च अडीच हजारांचा झाला. तुमच्या पगाराला याची गरज नाही. दोन-तीन महिने दहा-बारा हजार बाजूला टाका आणि रोख घ्या.

आता न विचारलेलं.

ते ३० हजार वरकड नाहीत. पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे: दर वर्षी १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून विसाव्यापर्यंत वर्षाला ३० हजार परत, विसाव्या वर्षी १८ लाख. तुम्ही तीन हप्ते भरलेत, म्हणजे ३ लाख ६० हजार. त्यातलेच ३० हजार गेल्या वर्षी परत आले. सव्वा लाखाच्या जवळपास भरायचे, त्यातले ३० हजार परत घ्यायचे आणि त्याला उत्पन्न म्हणायचं, हा हिशेब तुम्हाला गृहकर्ज देताना बँकेतल्या माणसानं शिकवला. “१ लाख २० हजारांवर ३० हजार म्हणजे २५ टक्के,” असं त्यानं सांगितल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. हे धादांत चुकीचं आहे. एकूण भरणार १२ लाख, वीस वर्षांत मिळणार २३ लाख ७० हजार. ‘दुप्पट’ ऐकायला बरं वाटतं, पण दर साल परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर बसतो. पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात. आणि ज्या बँकेनं ही पॉलिसी विकली, तिलाच तुम्ही कर्जावर साडेआठ टक्के मोजता आहात.

“लोनसोबत घ्यावीच लागते” असंही तुम्हाला सांगितलं गेलं. असा कोणताही नियम नाही. घर घेणाऱ्या माणसाला मंजुरीपत्राच्या आशेवर बसवून त्याच्याकडून वर्षाला सव्वा लाखाची सही घेणं याला मी विक्री म्हणत नाही, अडवणूक म्हणते. आयकरातली ८०सी ची वजावटही तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही नव्या करपद्धतीत आहात.

पण परतावा कमी असणं ही यातली छोटी चूक आहे. मोठी चूक त्या १२ लाखांत आहे.

तुम्हाला काही झालं तर घरात येणारे १२ लाख आणि डोक्यावर ४७ लाखांचं कर्ज. महिना ४२ हजारांचा हप्ता त्या १२ लाखांतून भरला तर ते अडीच वर्षांच्या आत संपतील, तेही घरात एक रुपया न खर्चता. मुलगी तेव्हा दुसरीत असेल. ऑफिसचा गट विमा नोकरीसोबत जातो, तो मोजू नका. तुम्ही “कव्हर आहेच” असं लिहून हेडफोनकडे वळलात, ते वाचून मला खरोखर काळजी वाटली.

त्यात बीपीची गोळी. तुम्हाला हवा आहे टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा. तो तुम्हाला मिळेल. औषधानं रक्तदाब आटोक्यात असलेल्या लोकांना कंपन्या विमा देतात, फार तर हप्ता वाढवतात. पण हे काम दर वर्षी महाग आणि अवघड होत जातं. गोळी अर्जात लिहा, कधीपासून, किती मिलिग्रॅम, सगळं लिहा. “तीन वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही” म्हणून लपवायला सांगणारे एजंट भेटतील. विमा कायद्याचं कलम ४५ तसं संरक्षण देतं हे खरं, पण त्या तीन वर्षांच्या आत काही झालं तर दाव्यासाठी भांडायला तुमची पत्नी एकटी असेल.

दीड कोटीचं कव्हर घ्या, साठीपर्यंत. कर्ज फिटून उरलेल्यातून घरखर्च आणि मुलीचं शिक्षण चालेल. हप्ता बीपीसकट वर्षाला २५ हजार धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवनविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे जुने आकडे बघून घाबरू नका. अर्ज करतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायचा पर्याय निवडा. मग ती रक्कम पत्नीची आणि मुलीची राहते; देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हा पर्याय नंतर जोडता येत नाही.

आता जुन्या पॉलिसीचं काय? रागानं सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे काढू नका. तीन हप्त्यांनंतर हाती लाख-सव्वा लाख येतील, म्हणजे भरलेल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ती पेड-अप करा. हप्ते थांबतात आणि लाभ त्या प्रमाणात घटतात: दहातले तीन हप्ते भरले म्हणून १८ लाखांचे ५ लाख ४० हजार, ३० हजारांचे ९ हजार, असा ढोबळ हिशेब. पेड-अपनंतर नेमकं किती मिळेल हे विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेतल्या माणसाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

“तीन वर्षं भरली, आता सोडायची कशी?” हा प्रश्न येणारच. पुढचे सात हप्ते भरले तर पेड-अपच्या तुलनेत जास्तीचे मिळतात १६ लाखांच्या आसपास, सतरा वर्षांत विखुरलेले. त्यासाठी भरायचे ८ लाख ४० हजार. परतावा सहा टक्क्यांच्या आत. त्याऐवजी वर्षाच्या १ लाख २० हजारांतले २५ हजार टर्मला द्या आणि ९५ हजार सात वर्षं गृहकर्जात जास्तीचे भरा. हप्ता ४२ हजारच ठेवायचा, मुदत कमी करायला सांगायची. कर्ज सुमारे चार वर्षं आधी संपतं. वाचलेले हप्ते २० लाखांच्या घरात जातात. म्हणजे कमी पैशांत जास्त बचत, आणि वर दीड कोटीचं कव्हर. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. बँकेनं मागितला तर लेखी नियम दाखवायला सांगा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्मचा अर्ज आणि मेडिकल. पॉलिसी हातात आल्यावरच जुनी पेड-अप करायची. मधल्या काळात ते १२ लाखही गमावू नयेत. मेडिकलला वेळ लागला आणि चौथा हप्ता दाराशी आला, तर नियमानुसार मिळणारी ३० दिवसांची सवलत वापरा. पुढच्या महिन्यात येणारे ३० हजार सरळ टर्मच्या पहिल्या हप्त्याला लावा. पाचेक हजार उरतील, ते हेडफोनच्या बाजूला टाका.

फसवून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा, बँकेच्या तक्रार विभागाला प्रत द्या. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी सांगत नाही, तुमची सही कागदांवर आहे. पण विक्रीच्या वेळचा “२५ टक्के” वाला व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तो पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.

टर्मचा अर्ज भरण्याआधी बीपीच्या शेवटच्या तीन-चार नोंदी आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढून ठेवा. दुकानात हेडफोन बघायला त्या आठवड्यात खुशाल जा.