कोकणात सकाळी धावण्यासाठी झाडी आणि पाणी असलेली वाट कोणती?

झाडी आणि पाणी दोन्ही हवे असल्यास मालवण तालुक्यातील धामापूर तलावाचा परिसर निवडावा, आणि सलग सपाट अंतर हवे असल्यास गुहागरचा किनारा. या दोन्ही ठिकाणी मी धावलो आहे. धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातील असून काठावर भगवतीचे मंदिर आहे. भोवतीच्या दाट झाडीमुळे सकाळी उशिरापर्यंत सावली मिळते, मात्र वाट चढउताराची आहे. गुहागरला सुरूच्या बनालगत सुमारे सहा किलोमीटरची पुळण आहे, पण तेथे वेळ भरती-ओहोटी पाहूनच ठरवावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाच-सहाच्या सुमारास ओहोटी असते, पाणी खूप मागे जाते आणि पाऊल जेमतेम उमटेल इतकी घट्ट ओली वाळू धावायला मिळते. अष्टमीच्या सुमारास मात्र त्याच वेळी भरती असल्याने मऊ, उतरत्या वाळूवर धावावे लागते व घोट्यांवर ताण येतो. पावसाळ्यात दोन्हीकडे जपावे: जांभ्या दगडावर शेवाळ धरते, त्यावरून पाय हमखास घसरतो, आणि खवळलेल्या समुद्राच्या कडेने धावणे तर टाळावेच.