टोकियोत पहिल्यांदाच ओमाकासे सुशी खायला जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसची जपानी मंडळी गिंझातल्या एका भारी सुशीच्या दुकानात नेणार आहेत आणि कच्चा मासा तुम्ही आजवर चाखलेला नाही. माशाची काळजी सोडा. सुरमई-पापलेट खाणाऱ्याला पहिले दोन घास विचित्र लागतात, मग काही वाटत नाही. गोची होते ती आपल्या चांगल्या सवयींनी.

मी टोकियोत निशी-कासाईला राहायचो तेव्हा असाच साहेबांबरोबर गेलो होतो. लाकडी काउंटर, जेमतेम आठ खुर्च्या, मेनूकार्ड नाही. ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. शेफ देईल ते, देईल त्या क्रमाने खायचं. त्याने पहिली सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप, माझ्यासमोर ठेवली आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो. घरी सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही ना! शेफ माझ्याकडे नाही, त्या सुशीकडे बघत होता. शेवटी साहेबच हळूच म्हणाले, "खा, भात गार होतोय."

भात! मला वाटलं होतं सगळा खेळ माशाचा. चांगल्या दुकानात भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि आत हवा राहील इतपतच दाबलेला. ठेवून दिला की तो हळूहळू खाली बसतो. वर नोरी (समुद्री शेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा) असेल तर ती त्याहून लवकर चामट होते. म्हणून समोर आली की उचलायची, एका घासात. हाताने खाल्ली तरी चालते, तिथे आपण तयारीचेच.

सोया सॉसची वाटी शोधू नका. बहुतेक वेळा तो ब्रशने वरून लावलेला असतो आणि वसाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, तीही आतच असते. आल्याचं लोणचं दोन सुशींच्या मध्ये खायचं, सुशीवर ठेवून नाही. परफ्यूम लावून जाऊ नका. काय चालत नाही ते बुकिंग करतानाच कळवा, ऐनवेळी नाही. टिप द्यायची नसते.

आणि कोहादा आला तर नीट लक्ष देऊन खा. चंदेरी कातडीचा लहानसा मासा, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला. चरबीदार ट्यूनाचं कौतुक सगळेच करतात, पण शेफचा हात कोहादात कळतो, असं माझे साहेब म्हणायचे. मला पहिल्यांदा तो मुळीच आवडला नव्हता. आता पुण्यात बसून आठवण येते ती त्याचीच.